हेडरमध्ये काय, मेसेजमध्ये काय: सामायिक मेटाडेटा असलेला स्कीमा आखताना

दोन सिस्टिम एकमेकींशी बोलायला लागतात तेव्हा मेसेजचा स्कीमा (त्यात कुठली फील्ड, कुठल्या प्रकारची, याचा आराखडा) हा पाच मिनिटांचा विषय वाटतो. चार फील्ड लिहायची, कोड जनरेट करायचा, झालं. मग प्रश्न सुरू होतात. हा मेसेज कधीचा? दोनदा कसा आला? कुठल्या मशीनवरून आला? जो तो आपल्या मेसेजमध्ये एकेक फील्ड वाढवतो. एकाचं ‘वेळ’, दुसऱ्याचं ‘टाइमस्टॅम्प’, तिसऱ्याचं ‘नोंद_तारीख’. एक सेकंदात, एक मिलिसेकंदात आणि एक चक्क मजकूर म्हणून लिहिलेली तारीख, तीही टाइमझोनशिवाय. मेसेजचे वीस प्रकार होईपर्यंत हा गुंता सुटण्यापलीकडे जातो.

उपाय ठाऊक असतो: सगळ्यांना लागणारी माहिती एका सामायिक हेडरमध्ये काढायची आणि कामाचा मजकूर वेगळा ठेवायचा. अडतं ते पुढे. हेडरमध्ये नेमकं काय घ्यायचं, आणि हेडर व मजकूर एकमेकांना कसे जोडायचे? इथे मी प्रोटोबफ (मेसेज बाइटमध्ये लिहायची पद्धत, जिच्यात प्रत्येक फील्डला एक क्रमांक असतो) गृहीत धरतो, कारण नवख्यांची गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. ॲव्हरो (अशीच दुसरी बायनरी पद्धत) आणि जेसन (मजकूर म्हणून लिहायची पद्धत) जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगेन.

उदाहरण म्हणून एक दूध संघ घेऊ. गावोगावी संकलन केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रावर काटा, फॅट मोजायचं यंत्र आणि त्यांना जोडलेलं एक छोटं उपकरण. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात आणि उपकरण ‘दूध जमा’ असा मेसेज तयार करतं. शिवाय ‘दर बदलला’, ‘नोंद रद्द’, ‘पैसे अदा’ हे मेसेज आहेत. केंद्रावर नेट असेलच असं नाही, म्हणून मेसेज उपकरणात साठतात आणि रेंज आली की निघतात. उपकरणाचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही. आणि एकदा बसवलेलं उपकरण तीन-चार वर्षं कुणी अपडेट करत नाही. स्कीमाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

पायरी १: मेसेज कोण-कोण हाताळणार ते लिहून काढा

स्कीमाची फाइल उघडण्याआधी कागद घ्या. मेसेज उपकरणातून निघून हिशेबापर्यंत पोचेस्तोवर त्याला कोण हात लावतं? उपकरण, गेटवे (उपकरणांचे मेसेज आत घेणारा सर्व्हर), रांग (मेसेज ओळीनं साठवून पुढे देणारी यंत्रणा, काफ्का किंवा तत्सम), डुप्लिकेट गाळणारा प्रोग्राम, साठवण, आणि शेवटी बिल काढणारं सॉफ्टवेअर. यातल्या फक्त शेवटच्याला फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) कळतं. बाकीच्यांना दुधाशी देणंघेणं नाही. पाकिटावरचा पत्ता वाचून पोस्टमन पत्र पोचवतो, आतली खुशाली वाचत बसत नाही, इथेही तसंच.

यातून एक सोपी कसोटी हाती लागते. ज्याला मेसेजचा अर्थ कळत नाही अशा कुणाला तरी ते फील्ड लागतं का? लागत असेल तर हेडरमध्ये, नाही तर मेसेजमध्ये. ‘सगळ्या मेसेजमध्ये सभासद क्रमांक आहे, मग हेडरमध्ये टाकू’ हा मोह होतोच. पण सभासद क्रमांक गेटवेला लागत नाही, आणि ‘दर बदलला’ या मेसेजला सभासद असतच नाही. चार ठिकाणी दिसतं एवढ्यावर एखादं फील्ड सामायिक ठरत नाही.

दुसरं कारण खासगीपणाचं. हेडर लॉगमध्ये छापला जातो, डॅशबोर्डवर दिसतो, चुकलेल्या मेसेजच्या यादीत उघडा पडतो. सभासदाचा मोबाइल नंबर किंवा बँक खातं तिथे गेलं की ते किती ठिकाणी सांडलं याचा हिशेब लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हा विचार आधीच केलेला बरा.

पायरी २: हेडरची फील्ड ठरवा, आणि कमी ठेवा

पहिली ओळख. प्रत्येक मेसेजला जगात एकच असा आयडी हवा आणि तो घटना घडली तेव्हाच, उपकरणावरच तयार व्हायला हवा. पाठवताना तयार केला तर पुन्हा प्रयत्न करताना नवा आयडी लागेल आणि डुप्लिकेट ओळखता येणार नाही. सभासदाच्या नावावर एकाच दुधाचे दोनदा पैसे लागतील. त्यासाठी यूयूआयडी (जगात अनन्य राहावा असा प्रमाणित आयडी) आवृत्ती ७ वापरा. मे २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकात ती आहे. तिच्या सुरुवातीला मिलिसेकंदातली वेळ असल्यामुळे डेटाबेसच्या इंडेक्सला ती सोयीची पडते. बाइट म्हणून ठेवली तर १६ बाइट लागतात, मजकूर म्हणून ठेवली तर ३६.

मग स्रोत: कुठलं केंद्र, कुठलं उपकरण. घटनांचे मेसेज एकसारखे लिहिण्यासाठीच्या क्लाउडइव्हेंट्स या मानकाने (१.० आवृत्ती २०१९ ची) चारच गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत: आयडी, स्रोत, मानकाची आवृत्ती आणि प्रकार. आयडी आणि स्रोत मिळून मेसेज अनन्य ठरावा असा त्यांचा नियम आहे. इतक्या लोकांनी बसून चारवरच थांबावं, यातून नवख्यानं घ्यायचं ते घ्यावं.

वेळ हा सगळ्यात चुकीचा हाताळला जाणारा विषय आहे. आपल्या उदाहरणात किमान दोन वेळा आहेत: दूध घातलं ती वेळ (उपकरणाच्या घड्याळाप्रमाणे) आणि सर्व्हरला मेसेज मिळाला ती वेळ. दोन्हींत दोन दिवसांचं अंतर पडू शकतं. दोघांना एकच फील्ड दिलं तर सर्व्हर उपकरणाची वेळ पुसून आपली टाकणार, आणि सकाळचं दूध संध्याकाळच्या पाळीत जाणार. म्हणून फील्डच्या नावातच अर्थ असू द्या: ‘घडल्याची_वेळ’, ‘मिळाल्याची_वेळ’. दोन्ही यूटीसीमध्ये. मिळाल्याची वेळ मात्र पाठवणाऱ्याच्या हेडरमध्ये घुसवू नका. सर्व्हरनं ती बाहेर, स्वतःच्या नोंदीत ठेवावी. का ते डिजिटल सहीच्या वेळी (पायरी ५) कळेल.

एका व्यवहाराचे अनेक मेसेज असतील तर त्यांना बांधणारा दोरा लागतो. याचं चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. ओएनडीसी (खुलं ई-कॉमर्स जाळं) ज्या बेकन प्रोटोकॉलवर चालतं त्यात प्रत्येक जेसनचे दोन भाग असतात, ‘कॉन्टेक्स्ट’ आणि ‘मेसेज’. कॉन्टेक्स्टमध्ये व्यवहाराचा आयडी वेगळा आणि मेसेजचा आयडी वेगळा. शोधण्यापासून ऑर्डर पक्की होईपर्यंत व्यवहाराचा आयडी तोच राहतो. मेसेजचा आयडी मात्र एक विनंती आणि तिचं उत्तर एवढ्यापुरताच. उत्तर लगेच येत नाही, नंतर वेगळ्या कॉलनं येतं, त्यामुळे जोडी लावायला हा आयडी लागतोच. शिवाय उत्तर किती वेळात यावं याचंही फील्ड कॉन्टेक्स्टमध्ये आहे. यूपीआयच्या एक्सएमएल मेसेजमध्येही सुरुवातीला ‘हेड’ असतं: आवृत्ती, वेळ, संस्थेचा आयडी, मेसेजचा आयडी. व्यवहाराचा तपशील त्यानंतर, वेगळ्या घटकात. आपल्या दूध संघात ‘नोंद रद्द’ या मेसेजला मूळ ‘दूध जमा’चा आयडी लागेल. पण तो हेडरमध्ये नको. रद्द करणं म्हणजे काय हे फक्त हिशेबाला कळतं.

शेवटी प्रकार आणि आवृत्ती. हेडरच्या रचनेची आवृत्ती आणि आतल्या मेसेजची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच आकड्यावर दोन्ही भागवले की मेसेजमध्ये एक फील्ड वाढवल्यावर गेटवेवाले विचारतात, ‘आम्ही काय बदलायचं?’

‘इतर’ नावाचा मजकूर-ते-मजकूर (किल्ली आणि मूल्य दोन्ही स्ट्रिंग) असा मॅप हेडरमध्ये ठेवावा का? ठेवा, पण नियम लावून: त्यातली कुठलीही किल्ली हिशेबाला लागता कामा नये, आणि लागायला लागली की तिला रीतसर फील्ड मिळालं पाहिजे. हा नियम पाळायची तयारी नसेल तर मॅप ठेवूच नका.

पायरी ३: हेडर आणि मेसेज जोडायची पद्धत निवडा

स्कीमाचं आयुष्य बहुतांशी इथे ठरतं, म्हणून घाई नको.

पहिली पद्धत: प्रत्येक मेसेजमध्ये फील्ड क्रमांक १ म्हणजे हेडर. लिहायला सोपी. पण मेसेज कुठल्या प्रकारचा आहे हे हेडर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि हेडर वाचायला मेसेज उघडावा लागतो. प्रोटोबफमध्ये फक्त क्रमांक १ माहीत असलेला एक ‘नुसता हेडर’ मेसेज करून हे साधता येतं, कारण अनोळखी फील्ड वाचताना ओलांडली जातात. मात्र सगळं ‘क्रमांक १ कुणी बदलणार नाही’ या संकेतावर उभं राहतं. एका टीमनं चुकवलं की कंपायलर काही बोलत नाही.

दुसरी: बाहेर एक आवरण, त्यात हेडर आणि ‘वनऑफ’. म्हणजे दूध जमा, दर बदलला, नोंद रद्द, पैसे अदा यांपैकी एकच काहीतरी. एकच टीम, मोजके प्रकार असतील तर मी डोळे मिटून हीच सुचवेन. टाइप तपासले जातात, कोड वाचायला सरळ. तोटा असा की नवा प्रकार आला की आवरणाची फाइल बदलते आणि ती सगळ्यांची असते. जुन्या उपकरणाला नवा प्रकार पोचला तर त्याला वनऑफ ‘काहीच सेट नाही’ असं दिसतं. ही स्थिती कोडमध्ये हाताळलीच पाहिजे. ती चूक नव्हे, उद्याचा मेसेज आहे. तो बाजूला ठेवा, रांग अडवू नका, टाकूनही देऊ नका.

तिसरी: आवरणात हेडर आणि आतला मेसेज नुसते बाइट म्हणून, सोबत प्रकाराचं नाव. प्रोटोबफचा ‘एनी’ हेच करतो: एक प्रकाराची यूआरएल, एक बाइटचं फील्ड. मधल्यांना आतला स्कीमा लागतच नाही. टीम अनेक असतील, प्रकार वाढत राहणार असतील, तर हीच पद्धत. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. डीबग करताना आत काय आहे ते थेट दिसत नाही, छोटं साधन लिहावं लागतं. आणि हेडरवर ‘दूध जमा’ लिहून आत ‘दर बदलला’ भरणारा प्रोग्राम कंपायलरच्या हाती सापडत नाही.

चौथी: हेडर मेसेजच्या बाहेरच, वाहतुकीच्या थरात. काफ्काच्या रेकॉर्डला २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून हेडर आहेत, एचटीटीपीला तर आधीपासूनच. क्लाउडइव्हेंट्समध्ये यालाच बायनरी मोड म्हणतात. दिसायला सगळ्यात स्वच्छ. पण मेसेज काफ्कातून काढून फाइलमध्ये टाकला की हेडर कुठे गेले? आपल्या उपकरणात तर मेसेज दोन दिवस स्थानिक साठ्यातच पडून असतो, तिथे वाहतूक नाहीच. माझा कल असा: साठवल्यावरही लागणारी माहिती आत, आणि त्या प्रवासापुरती लागणारी (ट्रेसिंगची ओळख, पुन्हा प्रयत्नांची संख्या) बाहेर.

एक पाचवी युक्तीही आहे, फक्त ओळख असावी म्हणून सांगतो. प्रोटोबफचे दोन एन्कोड केलेले तुकडे एकापुढे एक जोडले तर वाचताना ते एकच मेसेज म्हणून मिसळतात. म्हणजे हेडरचे बाइट आधी, मजकुराचे नंतर, क्रमांक वेगळे ठेवले की काम झालं. चतुर आहे. पण साधं फील्ड दोनदा आलं तर शेवटचं जिंकतं, त्यामुळे कुणीही मागे चार बाइट चिकटवून स्रोत बदलू शकतो. नकोच.

ॲव्हरोवाल्यांसाठी: त्याच्या बायनरीत फील्डचे क्रमांक नसतातच, नुसती मूल्यं ओळीनं. ज्या स्कीमानं लिहिलं तो हाताशी नसेल तर हेडरसुद्धा वाचता येत नाही. म्हणून स्कीमाची ओळख सगळ्यांत पुढे, एन्कोडिंगच्या बाहेर ठेवावी लागते. कॉन्फ्लुएंटच्या पद्धतीत सुरुवातीला एक शून्य बाइट आणि मग ४ बाइटचा स्कीमा आयडी असतो. ॲव्हरोच्या स्वतःच्या ‘सिंगल ऑब्जेक्ट’ पद्धतीत २ बाइटची खूण आणि ८ बाइटचा स्कीमाचा ठसा असतो.

पायरी ४: बाइट मोजा

आपला ‘दूध जमा’ बघा. सभासद ४१२, दूध ६४०० मिलिलिटर, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, पाळी सकाळ. फॅट आणि एसएनएफ दशांशात नको, दहापट करून पूर्णांकात ठेवा, ३५ आणि ८५, रुपये पैशांत. फ्लोटमध्ये ठेवलेला फॅट दरपत्रकाच्या सीमेवर कुठल्या रकान्यात जाईल सांगता येत नाही, आणि सभासद पावती बारकाईनं बघतो. प्रोटोबफमध्ये हे सगळं मिळून १२ बाइट होतं: पहिल्या दोन फील्डना तीन-तीन, उरलेल्या तिघांना दोन-दोन.

आता हेडर. यूयूआयडी १८ बाइट (फील्डचा क्रमांक सांगणारा टॅग आणि लांबीसकट), आठ इंग्रजी अक्षरांचा केंद्राचा कोड १०, तीस अक्षरांचं प्रकाराचं नाव ३२, मिलिसेकंदातली वेळ ७, आवृत्ती २. बेरीज ६९. बारा बाइटच्या दुधावर एकोणसत्तर बाइटचं लेबल! केंद्राचं नाव कुणी देवनागरीत ठेवलं तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट, म्हणजे अजून भर.

इथे दोन मार्ग आहेत. प्रकाराच्या नावाऐवजी क्रमांक वापरा, ३२ चे २ होतात. पण क्रमांक वाटायला एक जागा लागते. टीम दोन-तीन असतील तर तेवढं जमतं, त्यापेक्षा जास्त असतील तर नावच बरं. दुसरा मार्ग म्हणजे गठ्ठा: एक हेडर आणि खाली अनेक नोंदी. बस आणि रेल्वेच्या थेट माहितीसाठी जगभर वापरलं जाणारं जीटीएफएस रिअलटाइम हे प्रोटोबफमध्येच आहे आणि नेमकं असंच बांधलेलं आहे. एका फीडला एक हेडर (आवृत्ती, वेळ वगैरे) आणि त्याखाली हव्या तितक्या नोंदी, प्रत्येकीला आपला आयडी. आपल्याकडे एका पाळीचा एक गठ्ठा सहज होतो. केंद्र, उपकरण, आवृत्ती एकदाच. प्रत्येक नोंदीला स्वतःची वेळ आणि गठ्ठ्यातला अनुक्रमांक. गठ्ठ्याचा आयडी आणि अनुक्रमांक मिळून नोंदीची ओळख. मात्र पोचही नोंदीनिहाय द्या. नाहीतर एका खराब नोंदीपायी अख्खी पाळी परत पाठवली जाईल.

आणखी एक. प्रोटोबफच्या मेसेजला स्वतःचा शेवट कळत नाही. फाइलमध्ये किंवा सॉकेटवर एकापाठोपाठ एक लिहायचे असतील तर प्रत्येकाआधी लांबी लिहावी लागते.

पायरी ५: सही करायची असेल तर बाइटवर करा

प्रोटोबफचं एन्कोडिंग प्रत्येक वेळी, प्रत्येक भाषेत हुबेहूब तेच येईल अशी हमी नाही. मॅपमधला क्रमही बदलू शकतो. त्यामुळे मेसेज उघडला, पुन्हा एन्कोड केला आणि सही तपासली, तर ती जुळेलच असं नाही. आलेल्या मूळ बाइटवरच तपासा. त्यासाठी बाहेरचं आवरण तीन फील्डचं करा: हेडरचे बाइट, मजकुराचे बाइट, सही. सही दोन्हींवर मिळून. नुसत्या मजकुरावर केली तर हेडरमधलं केंद्र बदलून दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढवता येतं. मेसेजवर सही करण्यासाठीच्या कोझ या मानकात (आरएफसी ९०५२) संरक्षित हेडर मुद्दाम बाइटमध्ये गुंडाळलेला असतो, तो याचसाठी. आणि ‘मिळाल्याची वेळ’ सर्व्हरनं आत का लिहू नये तेही आता कळलं असेल: लिहिली की सही मोडली.

पायरी ६: बदलाचे नियम पहिल्याच दिवशी लिहा

प्रोटोबफमध्ये १ ते १५ क्रमांकांचा टॅग एका बाइटात बसतो, १६ ते २०४७ चा दोन बाइटांत. वारंवार येणाऱ्या फील्डना लहान क्रमांक द्या आणि पंधरातले दोन-तीन मोकळे सोडा. १९००० ते १९९९९ हे प्रोटोबफनं स्वतःसाठी राखलेले आहेत.

एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कामाला कधीच वापरायचा नाही. फील्ड काढलं तर त्याचा क्रमांक आणि नाव दोन्ही ‘रिझर्व्ह्ड’ (पुन्हा वापरायला बंद) करा. एनमचं (ठरावीक पर्यायांच्या यादीचं) शून्य मूल्य ‘अनिर्दिष्ट’ असंच ठेवा, कारण न भरलेलं फील्ड शून्य म्हणूनच वाचलं जातं. ‘सकाळ = ०’ केलं तर पाळी भरायला विसरलेला प्रत्येक मेसेज सकाळचा होतो, आणि विसरलेला कुठला, खरा कुठला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. प्रोटोबफच्या जुन्या प्रोटो२ मधलं ‘रिक्वायर्ड’ (सक्तीचं फील्ड) हेडरमध्ये टाळा. ते एकदा लावलं की जुने वाचक अडतात म्हणून काढता येत नाही, प्रोटो३ मधून ते वगळलं तेही अशाच त्रासामुळे. आवश्यक काय ते गेटवेवरच्या कोडनं तपासावं.

जेसनमध्ये जाणार असाल तर ६४ बिटांचे पूर्णांक सांभाळा. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक अचूक धरत नाही. प्रोटोबफची जेसन मांडणी म्हणूनच असे आकडे अवतरणात, मजकूर म्हणून लिहिते.

पायरी ७: जुने बाइट जपून ठेवा

प्रत्येक आवृत्तीचे दोन-चार खरे मेसेज बाइटच्या स्वरूपात रेपोमध्ये ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर नवा कोड ते वाचतो का हे चाचणीत तपासा. उलटही तपासा: नवे मेसेज जुन्या कोडला द्या. दुसरी चाचणी बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि केंद्रावरचं चार वर्षांपूर्वीचं उपकरण अडतं ते नेमकं तिथेच, सर्व्हरनं पाठवलेला ‘दर बदलला’ वाचताना. बफसारखं (प्रोटोबफचे स्कीमा तपासणारं) साधन स्कीमातला मोडणारा बदल मर्ज होण्याआधी पकडतं. पण अर्थ बदललेला ते पकडत नाही: मिलिलिटरचं फील्ड कुणी ग्रॅमसाठी वापरायला लागलं तर क्रमांक तोच, टाइप तोच, साधन गप्प. म्हणून एकक फील्डच्या नावातच लिहा, ‘दूध_मिली’. वजनानं मोजायचं ठरलं तर ‘दूध_ग्रॅम’ हे नवं फील्ड नव्या क्रमांकानं आणा. जुनं किती उपकरणं अजून भरतात ते हेडरमधल्या आवृत्तीवरून मोजा आणि तो आकडा शून्यावर आला की मगच ‘दूध_मिली’ रिझर्व्ह्डमध्ये टाका.